दगडाखालचा चुना

महिपतराव सुर्वे कधी सरळ चालले नाहीत. रस्त्याच्या कडेला एखादा गोटा दिसला की ते थांबत, वाकत, तो उलटा करून पाहत आणि मग होता तसाच, त्याच खळग्यात बसवून पुढं निघत. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या गल्लीत त्यांचं घर आमच्या घराला लागून होतं. गल्लीतली पोरं त्यांना ‘पत्थरवाले काका’ म्हणत. एखादं कार्टं मुद्दाम वीट उलटी करून ओरडायचं, "काका, इसके नीचे क्या है?" महिपतराव थांबायचे, गंभीर चेहऱ्यानं विटेखाली पाहायचे आणि सांगायचे, "बिच्छू था. अभी तेरे घर गया है."

ते शेतकी खात्यात जमीन तपासणीस होते. उंच, सावळे, मिशा नीट कातरलेल्या, पाठ शिपायासारखी ताठ. खांद्याला खाकी कापडाची थैली. तिच्यात खुरपं, मोजपट्टी आणि रबरी बूच लावलेली तेजाबाची बाटली. खातं नवं होतं, काम नवं होतं, पण माणूस जुना होता. त्यांच्या घरात तीन पिढ्या फौजेत. ते स्वतः संस्थानच्या पलटणीत होते, लढाईत ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाऊन आले. मग संस्थान विलीन झालं, मध्यभारत झाला, पलटणी मोडल्या. कुणी हिंदुस्थानी फौजेत गेले, कुणी घरी बसले. महिपतराव मॅट्रिक होते, त्यांना शेतकी खात्यात घेतलं. काम त्यांनी इतक्या मनापासून शिकून घेतलं की मला कधीकधी वाटे, बंदूक हा माणूस चुकून धरत होता.

एकदा मी त्यांना विचारलं, "महिपतराव, दगडाखाली नेमकं काय बघता हो?"

त्यांनी थैलीतून मुठीएवढा एक गोटा काढला. एक बाजू तांबूस, स्वच्छ. दुसऱ्या बाजूला पांढरा, खरबरीत थर, जसा पाणी तापवायच्या भांड्याच्या बुडाशी धरतो.

"सांगा मास्तर, जमिनीत असताना वर कुठली बाजू होती?"

"पांढरी," मी म्हणालो.

"नापास." ते खूश झाले. मास्तरला नापास करायला मिळालं की ते नेहमीच खूश होत. त्यांनी पांढऱ्या थरावर तेजाबाचा थेंब टाकला. फसफस करून फेस आला. "हा चुना. टेकडीतून नाला जिथं बाहेर पडतो तिथं तो गोटे, वाळू, माती पंख्यासारखी पसरून टाकतो. पुढं कधीतरी तोच नाला ती कापून खाली उतरतो आणि ते जुनं अंगण वर उंच राहून जातं, टप्प्यासारखं. आपल्याकडं टेकड्यांच्या पायथ्याला आहेत तसले टप्पे. खोल जमीन, पण निम्मे गोटे. पावसाचं पाणी मातीतला चुना विरघळवत खाली नेतं. जाताना दगडाच्या बुडाला थेंब लटकतो, वाळतो, चुना तेवढा मागं राहतो. असं हजारो वर्षं. म्हणून चुना नेहमी दगडाच्या खाली. तो वर दिसला, नाहीतर बाजूला, तर समजायचं हा दगड कुणीतरी हलवलाय."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

"नांगर, नाला, माणूस," ते म्हणाले. "जमीन कशी विसरत नाही, बघा."

त्यावेळी मला ते नुसतं मजेदार वाटलं होतं.

त्यांच्या पत्नी विजयाबाई. ठेंगण्या, गोऱ्या, भराभर बोलणाऱ्या. माझ्या बायकोची, इंदूची, आणि त्यांची सकाळपासून भिंतीवरून देवाणघेवाण चाले. कधी विरजण, कधी गल्लीतल्या बातम्या. मूलबाळ नव्हतं. म्हणजे होतं आणि नव्हतं. महिपतराव आघाडीवर असताना त्यांना मुलगी झाली होती. वनमाला नाव ठेवलं. बाप परत येण्याआधी, जेठ महिन्यातल्या उन्हाळ्यात, ती तापानं गेली. दातसुद्धा आले नव्हते. महिपतरावांनी आपली मुलगी पाहिलीच नाही. तिचा फोटोही नव्हता.

इतक्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. आणि बायका तिथं जात नाहीत. विजयाबाईंचे थोरले भाऊ संभाजीराव तिला कापडात गुंडाळून घेऊन गेले. पण विजयाबाईंनी भावाचा पिच्छा पुरवला. अन्नपाणी सोडलं. शेवटी त्यानं जागा सांगितली. शहराबाहेर, खैरवाल्या टेकडीच्या पायथ्याला, नाल्याच्या वरच्या टप्प्यावर, मोठ्या काळ्या खडकाच्या उगवतीला.

तेव्हापासून दर अक्षय्य तृतीयेला विजयाबाई मातीची छोटी केळी पाण्यानं भरून तिथं जात. त्या दिवशी गल्लीतल्या हिंदी घरांतल्या मुली बाहुला-बाहुलीचं लग्न लावत, ढोलकी वाजे, आणि त्या घोळक्यातून ही बाई पदर सावरत, पाणी सांडू न देता निघे. महिपतराव सोबत असत, पण वर चढत नसत, नाल्याशी थांबत. विजयाबाई येऊन इंदूला सांगत, "ओतलं रे ओतलं की गट्टकन पिते पोरगी. एक थेंब वर राहत नाही. केवढी तहान!"

इंदूनं हे मला सांगितलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता. मी महिपतरावांना तसं बोलून गेलो. ते म्हणाले, "गोट्यांची जमीन आहे मास्तर. पाणी धरत नाही." आणि थोड्या वेळानं, "हे तिला सांगायचं नाही."

घरात आणखी एक गोष्ट होती. वनमालेचे चांदीचे वाळे. सराफ्यातून मुद्दाम मोठे घडवून घेतले होते, दोन वर्षं पुरावेत म्हणून. बारीक घुंगरांचे. तिच्या पायांत ते सैल व्हायचे, सारखे निसटायचे. ती गेली तेव्हा आजीनं ते काढून घेतले आणि विजयाबाईंच्या ट्रंकेत ठेवले. ते वाजतात, असं विजयाबाई म्हणत. ट्रंकेला हात न लावता. भर दुपारी, गल्लीत सगळं निजानीज असताना. इंदू एकदा त्यांच्याकडं गहू निवडत बसली होती. विजयाबाईंचा हात एकदम थांबला. "ऐकलंत?" इंदूला काहीच ऐकू आलं नव्हतं. पण ती "हो" म्हणाली. आणि घरी येऊन माझ्यावरच चिडली, की भिंतीला लागून राहतो आपण, मला का नाही ऐकू येत?

असं बरंच वर्षं चाललं. मग छप्पन साल आलं.

मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळला, हे पक्कं झालं. आमचं ग्वाल्हेर आधी संस्थानची राजधानी, मग मध्यभारताची हिवाळ्यापुरती राजधानी, आणि आता काहीच नाही. पडावच्या रस्त्यानं स्टेशनाकडं कपाटं, टाइपरायटर, फायलींची गाठोडी हातगाड्यांवर चाललेली दिसत. निम्म्या ओळखीची माणसं सामान बांधत होती. महिपतरावांनाही बदलीचा हुकूम आला, बढतीसकट. ते हरखले होते. "तिकडची काळी जमीन बघायचीय मास्तर. आपली बघून झाली."

विजयाबाईंनी सरळ सांगितलं, "तुम्ही जा. मी येणार नाही."

"अगं, असं कसं?"

"तिला इथं एकटी टाकून? अख्खं कचेरीचं बिऱ्हाड हललं तरी माझी पोरगी हलणार आहे का?"

त्यातच दुसरी गोष्ट आली. महिपतरावांचे साहेब, सगळे त्यांना तात्यासाहेब म्हणत, उमद्या मनाचे गृहस्थ. खैरवाल्या टेकडीखालच्या टप्प्यावर संत्र्याची सरकारी बाग करावी, अशी त्यांची कल्पना होती, आणि भोपाळला जाण्याआधी ते काम मार्गी लावायचं होतं. त्यासाठी जमीन तपासायला एक पुरुषभर खोल खड्डा घ्यायचा. विजयाबाईंना बागेची कुणकुण लागली.

भिंतीपलीकडचं बोलणं त्या दिवशी आम्हाला ऐकू आलं, नको असताना.

"लिहा की जमीन भिकार आहे. नांगर लावण्याच्या लायकीची नाही."

"विजया, जमीन चांगली आहे."

"तुमची जमीन चांगली असू दे. तिच्यात माझी पोर आहे."

"खोटं कसं लिहू?"

"मग खरं लिहा! लिहा की इथं आमची वनमाला आहे. त्या भोपाळवाल्यांना वाचू दे."

मग महिपतरावांचा आवाज, अगदी खालचा. "मी बघतो. तिला धक्का लागू देणार नाही. वचन."

दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. नवं राज्य नुकतंच झालं होतं, फूलबागेत अजून पताका लटकत होत्या. महिपतराव सकाळी माझ्याकडं आले. उंबऱ्यातच उभे राहिले.

"मास्तर, आज चला माझ्याबरोबर. तात्यासाहेबांनी खुंटी ठोकलीय. काळ्या खडकाच्या उगवतीला."

मी चपला पायात सरकवल्या.

"त्यांना काय ठाऊक? त्यांनी मध्य धरून ठोकली. मी म्हणालो असतो तर हलवली असती. पण मग वाटलं, आज ना उद्या झाडांचे खड्डे होणारच तिथं. दुसऱ्या कुणाच्या फावड्याखाली येण्यापेक्षा..." त्यांनी थैली उघडून दाखवली. खुरप्याच्या शेजारी एक धुतलेलं पांढरं कापड घडी करून ठेवलं होतं. "मीच काढतो. हातानं. आणि नीट जागी ठेवतो. चुन्याच्या जमिनीत हाडं टिकतात मास्तर. आंबट जमीन असती तर विरली असती. ती असेल."

वाटेत ते एकाही दगडाशी थांबले नाहीत.

टप्प्यावर वारा होता. खाली नाला कोरडा पडलेला, वर टेकडीचे तांबूस खडक. मधला तो उघडा माळ, खुरटी बोरं, खैराची चार झाडं. दोन मजूर कुदळी घेऊन आले होते. महिपतरावांनी त्यांना वरची वीतभर माती काढायला लावली आणि मग म्हणाले, "जाओ भाई, रोटी खा आओ. आराम से आना." एवढ्या लवकर जेवायला कसं पाठवतात, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, पण ते गेले.

मग महिपतराव गुडघे टेकून बसले. खुरप्यानं माती सैल करायची, हातानं बाजूला घ्यायची. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. मी काठावर उभा होतो आणि त्यांच्या मानेवरचा घाम पाहत होतो. पांढरं कापड त्यांनी एका दगडाखाली दाबून ठेवलं होतं. त्याचं टोक वाऱ्यानं फडफडे.

वीतभराखाली जमीन एकदम घट्ट झाली. चुन्यानं गोटे एकमेकांना धरून ठेवले होते. त्यांनी कुदळ घेतली. कुदळीचा ठण्ण आवाज झाला, ठिणगी उडाली. एक गोटा निघाला. त्यांनी तो निघाला तसाच तळहातावर धरला, न फिरवता. मग वाकून खालून पाहिलं. बाजूला ठेवला. दुसरा काढला. खालून पाहिला. मग ते भराभर काढू लागले. काढायचा, खालून पाहायचा, ठेवायचा.

"काय झालं?" मी विचारलं.

ते काढतच राहिले. खड्डा कमरेएवढा झाला. मग ते भिंतीशी आले आणि बोटांनी एकेका गोट्याचं बूड चाचपत गेले, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसं. सगळ्यांना खाली चुना होता. प्रत्येकाला. जिथल्या तिथं.

ते उभे राहिले. मातीनं माखलेले हात शरीरापासून दूर धरलेले.

"मास्तर, इथं कुणी नाही."

"म्हणजे, हाडं..."

"हाडांचं म्हणत नाही मी. इथं कधीच कुणी नव्हतं. ही जमीन कुणी खणलेलीच नाही. नाला खाली उतरला तेव्हापासून नाही."

कापडाचं टोक फडफडत होतं. मला त्या माळावर एकाएकी फार उघडं वाटलं. इतकी वर्षं त्या बाईनं इथं पाणी ओतलं होतं, आणि कुणीतरी ते प्यायलं होतं.

तिथून आम्ही तसेच किला गेटला गेलो. संभाजीरावांचं तिथं छोटं दुकान होतं. संस्थानच्या दिवसांत ते रिसाल्याच्या घोड्यांची खोगिरं शिवत. आता तेच हात टांग्यांच्या गाद्या आणि सायकलींच्या सीटा शिवत होते. दुकानात अजून चामड्याचा आणि मेणाचा तोच वास होता. मेहुण्याला पाहून ते उठले.

"या दाजी, या! मास्तर पण! हे काय, दिवाळीत माती खेळून आलात की काय?"

महिपतरावांनी खिशातून एक गोटा काढून त्यांच्यासमोर ठेवला. "काळ्या खडकाच्या उगवतीचा आहे," ते म्हणाले. "तिथं खणलं मी. संभाजीराव, माझी मुलगी कुठं आहे?"

संभाजीराव खाली बसले. हातात दाभण होतं, ते त्यांनी हळूच फळीत खोचलं.

"दाजी, जेठ होता," ते म्हणाले. "एकटा होतो. हातात घरातली कुदळ. वीतभर गेली आणि पुढं जाईचना. लोखंड आहे हो ती जमीन. मारतोय, मारतोय, कुदळीचं टोक वाकलं. पोर बाजूला खडकाच्या सावलीत. आणि सावली सरकून राहिली होती. सावली तिच्यावरनं सरकत होती दाजी, आणि मला खड्डा होत नव्हता."

संभाजीरावांनी बोटं ताणून फळीवर वीत दाखवली.

"वीतभरात कशी ठेवू? कोल्हे आहेत तिथं. मग खाली नाल्यात उतरलो. वाळू मऊ होती. हातानंच खणलं, चांगलं खोल. वर मोठाले गोटे रचले. वाटलं, झालं. आणि आषाढात असा पूर आला..." त्यांनी पंज्यानं तोंड पुसलं. "मी गेलो होतो बघायला. गोटेही नव्हते. नालाच दुसऱ्या बाजूनं वाहत होता. विजयाला काय सांगू? की तुझी पोर नाल्यात ठेवली, आणि गेली वाहून? अन्न सोडून बसली होती ती. जिथं ठेवायची होती ती जागा सांगितली."

महिपतरावांनी गोटा उचलून परत खिशात टाकला. मला वाटलं, आता ते काहीतरी भयंकर बोलतील. ते म्हणाले, "तुम्ही पाहिलीत तिला. शेवटची."

"हो."

"कुणासारखी होती?"

संभाजीरावांनी मान वर केली. त्यांचे डोळे भरून आले होते. "तुमच्यासारखी काळी, दाजी," ते म्हणाले. "कान मात्र आमच्या घरचे."

दुसऱ्या दिवशी तात्यासाहेबांनी खड्डा पाहिला, भिंतीवर तेजाब टाकून फेस काढला, आणि महिपतरावांनी काय लिहिलंय ते ऐकून मान डोलावली. महिपतरावांनी खरं तेच लिहिलं होतं: जमीन खोल, गोट्यांची, पाण्याचा निचरा चांगला, पण चुना फार, संत्रं इथं पिवळं पडेल, आवळा आणि बोर होईल. तात्यासाहेब हसून म्हणाले, "संत्र्यांचा हट्ट माझा होता. आवळा तर आवळा." मग मजूर खड्डा बुजवायला आले. महिपतराव त्यांना थांबवून आधी स्वतः आत उतरले, म्हणे काही नमुने राहिलेत. एवढं मी त्यांच्याकडूनच ऐकलं, पुढं केव्हातरी. आत उतरून त्यांनी काय केलं ते मात्र मला आधी इंदूकडून कळलं.

थंडी पडायला लागली तेव्हा विजयाबाईंनी गरम कपडे काढायला ट्रंक उघडली. वाळे नव्हते. त्या कपड्यांच्या ढिगात बसून राहिल्या. महिपतराव कचेरीतून आले.

"वाळे कुठं गेले?"

"जिचे होते तिला दिले," महिपतराव म्हणाले.

विजयाबाईंना समजायला क्षण लागला. मग त्यांनी विचारलं, "खणलं तुम्ही?"

"हो. तात्यासाहेबांची खुंटी तिथंच पडली होती. मग मीच खणलं. कापडात घालून ठेवले. आता तिथं कुणी झाड लावणार नाही, ती जागा मी सोडायला लावलीय."

"दिसली?"

इथं ते थांबले म्हणे. मग म्हणाले, "हो."

"कशी होती हो?"

"लहान होती," महिपतराव म्हणाले. "फार लहान होती गं."

हे सांगताना इंदू रडत होती आणि हसतही होती. "बघा, विजयाबाई किती शांत झाल्यात. म्हणतात, यांनी तिला कधी पाहिली नव्हती, आता पाहिली. बापाच्या हातून माती मिळाली पोरीला. म्हणतात, आता ट्रंक वाजत नाही. आणि भोपाळला जायला तयार आहेत."

मी इंदूला काही सांगितलं नाही. आजवर नाही.

विजयाबाईंनी खरोखरच सामान बांधायला घेतलं. आता महिपतरावच चालढकल करू लागले. आज तब्येत बरी नाही, उद्या कागद आले नाहीत. शेवटी बढती सोडून त्यांनी त्या आवळ्याच्या बागेची देखरेख मागून घेतली. खात्यात सगळ्यांना ते विचित्र वाटलं. विजयाबाई इंदूला म्हणाल्या, "मी नाही म्हणत होते तेव्हा यांना जायचं होतं. मी हो म्हटलं तर हे बसले. पुरुषांचं काही कळतं का तुम्हाला?"

बागेत ते दिवसभर असत. आवळे चांगले वाढले. काळ्या खडकाच्या उगवतीला तेवढी एक खोलीभर जागा मोकळी होती, आणि तिथं गोटे कसेही पडले होते, कुणाचा चुना वर, कुणाचा बाजूला. एकदा मी गेलो तेव्हा ते तिथं उभे होते. म्हणाले, "आता शंभर वर्षांनी कुणी जाणता आला तर त्याला कळेल, इथं कुणीतरी काहीतरी ठेवलंय. एवढं तरी खरं झालं."

पण ते बागेपेक्षा नाल्यातच जास्त दिसत. पावसाळ्यात पूर ओसरला की लगेच उतरत. नाल्याच्या वळणावर, जिथं पाणी ओझं टाकतं तिथं, गोटे चाळवत. तिथले गोटे ते उलटे करून पुन्हा ठेवत नसत, नुसते बाजूला करत.

"इथं काय मिळणार महिपतराव?" एकदा मी म्हणालोच. "इतकी वर्षं झाली. सोडा आता."

"काही मिळायचं नाही, ठाऊक आहे मला." त्यांनी एक गुळगुळीत गोटा माझ्या हातात दिला. "बघा. वाहत आलेल्या दगडाला चुना राहत नाही. घासून जातो. कुठून आला, कुठली बाजू वर होती, काही कळत नाही." मग इकडं तिकडं पाहून, जणू कुणी ऐकेल, ते म्हणाले, "मास्तर, ट्रंक तिच्यापुरती थांबली. इथं वाजतं. पाणी नसताना. मी खाली उतरलो की वर वाजतं, वर गेलो की खाली. सैल आहेत ना ते. निसटतात."

"ते तर तुम्ही..."

"मी कापडात बांधून पुरले. घट्ट गाठ मारून. तेच तर म्हणतो."

मी त्यांचा हात धरून त्यांना वर आणलं. त्यांचा हात थंड होता, गोट्यासारखा. त्यानंतर या विषयावर ते कधी बोलले नाहीत. पोरांशी चेष्टा करायचे, मला नापास करायचे, आवळ्याच्या दिवसांत टोपलीभर आवळे इंदूला आणून द्यायचे. नोकरीची मुदत संपली तरी बागेत जात राहिले. एका श्रावणात नाल्याच्या वळणावरच त्यांना माळ्यांनी बसलेलं पाहिलं. पाठ ताठ होती, म्हणून कुणाला आधी कळलंच नाही.

पुढच्या अक्षय्य तृतीयेला विजयाबाई म्हणाल्या, "मास्तर, याल का सोबत? यांची सवय झाली होती. एकटीला वाट लांब वाटते."

त्यांच्या हातात आता दोन केळ्या होत्या. एक नवऱ्याच्या नावाची, ती त्यांनी घरीच ओतली असती तरी चाललं असतं, पण म्हणाल्या, दोघांना एका जागी देते, इतकी वर्षं बाप लेकीशेजारीच तर राबला. आवळ्याच्या झाडांमधून आम्ही वर गेलो. महिपतराव नाल्याशी थांबत. मी थांबलो नाही, नाल्याशी उभं राहायला माझं मन झालं नाही. मोकळ्या जागेशी त्यांनी चपला काढल्या आणि खाली बसल्या. मग केळी हातात धरून माझ्याकडं वर पाहिलं.

"तुम्ही होतात ना त्या दिवशी, खणलं तेव्हा?"

"होतो."

"यांना एक विचारायचं राहूनच गेलं. रोज मनाशी म्हणायचे, विचारीन, विचारीन." त्या थोड्या लाजल्यासारख्या झाल्या. "वाळे तिला सैल व्हायचे हो. मोठे घडवले होते ना. यांनी घातले तेव्हा नीट बसले का तिच्या पायांत?"

वारा पडला होता. त्यांचे डोळे माझ्यावर होते, म्हातारे, स्वच्छ, उत्तराची पक्की खात्री असलेले.

"बसले," मी म्हणालो. "अगदी नीट."

"मग बरं. सैल असले की सारखे वाजतात." त्यांनी केळी कलती केली. पाणी गोट्यांवर पडलं आणि पडल्याबरोबर नाहीसं झालं. त्यांनी दुसरीही ओतली. तीही गेली.

उतरायची वाट नाल्याच्या काठानं होती. त्या पुढं, मी मागं. नाल्यात पाण्याचा टिपूस नव्हता, नुसते पांढरे, उघडे गोटे. मी कान देऊन ऐकतोय हे त्यांना कळू नये म्हणून, गल्ली येईपर्यंत मी मोठ्यानं काहीबाही बोलत राहिलो.